देवाच्या सान्निध्याची जाणीव रोजच्या जगण्यात कशी वाढेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासाच्या गटात, प्रार्थनासभा आटोपल्यावर चहा घेताना, कधी कुणाच्या आजारपणात उशाशी बसलेलं असताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं नोकरी करणाऱ्या, घर चालवणाऱ्या, अभ्यासात बुडालेल्या साध्या विश्वासणाऱ्यांसाठी आहेत. जिथे पवित्र शास्त्राचा संदर्भ दिला आहे, तिथे तो उतारा उघडून स्वतः वाचा. माझ्या उत्तरापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

देव सर्वत्र आहे हे आपण मानतोच. मग त्याच्या सान्निध्याची वेगळी जाणीव कशाला हवी?

उत्पत्तीच्या 28 व्या अध्यायातला याकोब आठवा. बापाला फसवून, भावाचा आशीर्वाद लाटून तो घरातून पळाला आहे. एसाव जिवावर उठलेला. सूर्य मावळला म्हणून वाटेत जिथे होता तिथेच थांबला आणि धोंडा उशाला घेऊन झोपला. प्रार्थना केल्याचा तिथे उल्लेखही नाही. त्या रात्री स्वप्नात देव त्याच्याशी बोलला, आणि जागा झाल्यावर याकोब म्हणाला की परमेश्वर या ठिकाणी खरोखर आहे आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

देव याकोबाच्या जागं होण्यामुळे तिथे आला नाही, तो आधीपासून होता. पण जागं झाल्यावर याकोबाचा प्रवास बदलला. आपलंही तसंच आहे. देव आपल्याबरोबर आहे ही गोष्ट आपल्या लक्षात असो वा नसो, खरीच आहे. ती लक्षात असली की आपण घाबरतो कमी, खोटं बोलताना अडखळतो, समोरच्या माणसाशी जरा सांभाळून बोलतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट येशूच्या याच वचनाने होतो: मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे. त्या ‘सर्व दिवस’मध्ये पगाराचा दिवस आला, परीक्षेचा आला आणि काहीच न घडलेला मंगळवारही आला.

मला प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. माझा विश्वास कमी आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि बहुतेकदा खालच्या आवाजात. इतरांच्या साक्षी ऐकल्या की वाटतं, सगळ्यांना काहीतरी होतं, अश्रू येतात, अंगावर शहारे येतात, आपणच कोरडे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण यासाठी मला फार मोलाचं वाटतं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृतची इतकी मोठी विदुषी, अभ्यास करून, प्रश्न विचारून, पारखून ख्रिस्ती झालेली. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. आता ती आठ वर्षं पाहा. याच काळात त्यांनी अमेरिकाभर हिंडून मदत उभी केली आणि 1889 मध्ये मुंबईत शारदासदन सुरू करून विधवांना आसरा दिला. ती वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? देव त्या कामातही होता. रमाबाईंना तो जवळून उमगला तो नंतर.

म्हणून जाणवण्याला विश्वासाचं माप करू नका. भावना झोपेवर, तब्येतीवर, पाळीवर, घरातल्या भांडणावर अवलंबून असतात. कोरड्या मनाने, पण खरेपणाने केलेली दोन मिनिटांची प्रार्थना देवाच्या दृष्टीने कमी भरते असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. “प्रभू, मला काही जाणवत नाही, पण तू आहेस म्हणून मी इथे बसलोय,” एवढं म्हणता येतं ना? ती प्रार्थनाच आहे.

ब्रदर लॉरेन्स यांचं नाव या विषयात नेहमी का घेतलं जातं?

कारण या माणसाने स्वयंपाकघरात हे करून दाखवलं.

मूळ नाव निकोला एर्मां. जन्म सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, लोरेन प्रांतातला, घर गरीब. तरुणपणी सैन्यात गेला, युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं होतं, त्यात जखमी झाला आणि पायाने अधू राहिला. अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, एक निष्पर्ण झाड पाहताना त्याच्या मनात आलं की थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुलं, मग फळं. देव किती समर्थ आहे आणि किती सांभाळतो, हे त्याच्या मनात तिथे जे रुजलं ते कायमचं. पुढे एका श्रीमंताकडे नोकर म्हणून राहिला, आणि स्वतःच सांगायचा की आपण धांदरट, हातातून वस्तू पडून फुटायच्या. 1640 मध्ये तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला. लॅटिन शिकलेला नव्हता, धर्मगुरू होणार नव्हता; मठातली अंगमेहनतीची कामं करणारा साधा बंधू. त्याला मिळालं स्वयंपाकघर.

आणि त्याला स्वयंपाकघराचा मुळातच तिटकारा होता! ही गोष्ट लोक सांगताना गाळतात, पण मला तीच महत्त्वाची वाटते. आवडीचं काम करताना देव आठवणं सोपं. याने पंधरा वर्षं न आवडणारं काम देवावरच्या प्रेमापोटी केलं आणि करता करता ते त्याला सोपं झालं. तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेसुद्धा देवासाठी, आणि दुसरं काही करण्यासारखं नसेल तर जमिनीवर पडलेली काडी उचलायची तीही देवासाठी. मठासाठी दारू खरेदी करायला बर्गंडीला पाठवलं, तर बोटीवर पाय चालेना. पिंपांवरून सरपटत, लोळत इकडून तिकडे जायचा. जाण्याआधी देवाला सांगितलं, हे तुझंच काम आहे, आणि काम नीट झालं. पुढे पाय फारच दुखायला लागल्यावर त्याला बसून करण्याजोगं काम दिलं गेलं, मठवासीयांच्या चपला दुरुस्त करण्याचं.

तो म्हणे, प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि कामाची वेळ यांत मला फरक राहिलेला नाही. भांड्यांचा खडखडाट, चार जण एकदम चार गोष्टी मागताहेत, तेव्हाही मी देवाजवळ असतो. 1691 मध्ये तो वारला. त्याचं बोलणं ऐकून कुणीतरी टिपून ठेवलं आणि थोडी पत्रं सापडली, म्हणून आपल्याला हे कळतं. कॅथलिक असोत वा प्रॉटेस्टंट, सगळ्या मंडळ्यांनी त्याला आपलं मानलं आहे.

काम करताना लक्ष कामात हवं. हिशेब चुकला, इंजेक्शन चुकलं तर? मग देवाकडे लक्ष कसं द्यायचं?

काम करताना लक्ष कामातच द्या. रुग्णाचा डोस मोजताना स्तोत्र म्हणायचं नसतं. तो डोस बिनचूक मोजणं हीच त्या क्षणाची भक्ती.

देवाची आठवण कामांच्या मधल्या सांध्यात ठेवायची. आपल्या मंडळ्यांमध्ये नर्सिंग करणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत, त्यांचंच उदाहरण घेऊ. वॉर्डात एका बेडकडून दुसऱ्या बेडकडे जाताना हात धुवावे लागतात. नळाखाली हात, साबण, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. निदान वीस सेकंद जातात. त्या वीस सेकंदांत ज्या पेशंटकडून आलात त्याचं नाव देवाजवळ घ्यायचं आणि ज्याच्याकडे निघालात त्याचंही. बस. वेगळा वेळ काढावा लागला नाही, कुणाला कळलंही नाही. रात्रपाळी संपेपर्यंत अख्ख्या वॉर्डासाठी कितीतरी वेळा प्रार्थना होऊन गेलेली असते. आणि पुढच्या बेडवरचा पेशंट खेकसला तरी त्याचं नाव आपण नुकतंच देवापाशी घेतलेलं असतं, त्यामुळे आपलाही सूर खाली येतो.

रिक्षा चालवणाऱ्याने मीटर टाकताना, शिक्षकाने हजेरी घेताना, भाकरी थापणाऱ्या बाईने एकेक भाकरी तव्यावर टाकताना, असं आपापल्या कामातलं रोज घडणारं एक काहीतरी शोधावं. एकच. सुरुवातीला पाच-सहा ठिकाणी आठवण बांधायला गेलात तर एकही टिकणार नाही.

अशा वेळी म्हणायची छोटी प्रार्थना कोणती?

शास्त्रातल्याच घ्या. बुडू लागलेल्या पेत्राची, “प्रभू, मला वाचव” (मत्तय 14). जकातदाराची, “हे देवा, मज पाप्यावर दया कर” (लूक 18). वाटेवर भीक मागत बसलेल्या बार्तीमयाची, “येशू, माझ्यावर दया कर” (मार्क 10). पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत शतकानुशतकं म्हटली जाणारी ‘येशूची प्रार्थना’ या शेवटच्या दोन हाकांमधूनच घडली आहे. ते ती श्वासाच्या लयीत म्हणतात. चौथ्या-पाचव्या शतकात जॉन कॅसियन यांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडून 70 व्या स्तोत्राची पहिली ओळ घेतली: हे देवा, मला सोडवायला धाव, मला साहाय्य करायला त्वरा कर. सुखात असा की संकटात, मोहात असा की कंटाळलेले, ती प्रत्येक वेळी लागू पडते, असं त्यांचं म्हणणं.

एक निवडा आणि काही महिने तीच ठेवा. मराठीत, घरी बोलता त्या मराठीत म्हटलीत तरी चालेल. ‘पुस्तकी’ भाषेशिवाय देव ऐकत नाही, हा गैरसमज आपल्याकडे अजून आहे.

मन सारखं भरकटतं. दोन मिनिटंही टिकत नाही.

सगळ्यांचंच भरकटतं. ब्रदर लॉरेन्सचंही. तो चुकला की देवाला सरळ सांगायचा: तू मला माझ्यावर सोडलंस तर मी असंच करणार, मला सावरणं तुझ्या हातात आहे. एवढं बोलून पुन्हा कामाला लागायचा, त्यावर कुढत बसायचा नाही. त्याच्याकडून मी सर्वांत जास्त काही शिकले असेन तर हेच.

आपण उलट करतो. प्रार्थनेत मन दुधाच्या बिलाकडे गेलं की पुढची दहा मिनिटं स्वतःला बोल लावण्यात घालवतो आणि त्या दहा मिनिटांत लक्ष पूर्ण स्वतःवरच असतं. चालत्या मुलाचा हात बाजारात सुटला तर आई तो पुन्हा धरते, तिथे उभी राहून त्याला व्याख्यान देत नाही. मन परत आणायचं ते तितक्याच साधेपणाने. आणि दुधाचं बिल खरंच सतावत असेल तर त्याचीच प्रार्थना करा.

आमचं घर लहान आहे, माणसं जास्त. एकांत कुठून आणायचा?

मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे, अंधार असतानाच उठून रानात गेला आणि प्रार्थना करू लागला. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारात लोटलं होतं. म्हणजे त्यालाही घरात एकांत नव्हता! आणि तिथेही शिष्य त्याला शोधत आलेच.

चाळीत, वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्यांनी गच्ची, जिना, गर्दीतल्या बसची खिडकी, काहीही चालवून घ्यावं. विरार किंवा कर्जत लोकलमध्ये डोळे मिटून बसलेल्या बाईला कुणी उठवत नाही. ते जमत नसेल तर घरातल्यांना एकदा सांगूनच टाका की सकाळी अमुक वेळ ते अमुक वेळ मला हाक मारू नका. लोक सुरुवातीला कुरकुरतात, मग सवय होते.

रात्री झोपताना काय करावं?

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाची उजळणी करण्याची एक रीत घालून दिली. जेझुइट, म्हणजे त्यांनी स्थापलेल्या संघातले लोक, आजही ती दिवसातून दोनदा करतात, दुपारी आणि रात्री. रीत साधी आहे. आधी देवाचे आभार मानायचे. मग पवित्र आत्म्याला म्हणायचं, आजचा दिवस मला तुझ्या नजरेने दाखव. नंतर सकाळपासूनचे प्रसंग एकेक करून डोळ्यांसमोर आणायचे: कुठे मन मोकळं झालं, कुठे आकसलं, कुणाशी कसं बोललो. जे चुकलं त्याची क्षमा मागायची, उद्याच्या एखाद्या अवघड गोष्टीसाठी साहाय्य मागायचं आणि झोपायचं. दहा मिनिटं पुरतात.

ही रीत मला इतकी पटते त्याचं कारण लूक 24 मध्ये आहे. अम्माऊसच्या वाटेवर ते दोन शिष्य कितीतरी वेळ येशूबरोबर चालले, बोलले, आणि त्याला ओळखलं नाही. भाकर मोडताना ओळखलं, आणि तेवढ्यात तो दिसेनासा झाला. मग एकमेकांना म्हणाले, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं काळीज आतून पेटलं नव्हतं का? म्हणजे जाणीव मागाहून आली. दिवसभरात देव कुठे भेटला हे बहुतेकदा त्या क्षणी कळत नाही. संध्याकाळी मागे वळून पाहिलं की ऑफिसातल्या शिपायाने न मागता दिलेलं पाणी, टळलेलं भांडण, अचानक आलेला बहिणीचा फोन, हे सगळं वेगळं दिसू लागतं. रोज असं मागे पाहणाऱ्याला हळूहळू भरदिवसाही दिसू लागतं.

एक सावधगिरी. ज्यांचा स्वभाव स्वतःला छळण्याचा आहे, त्यांनी चुकांची यादी करत बसू नये. आभारांपाशीच थांबावं.

दुःखात देव दूर गेल्यासारखा का वाटतो?

‘का’ याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्याला मूल गमावल्याचं दुःख आहे त्याच्यासमोर कुणी उत्तर घेऊन जाऊही नये. शास्त्र काय करतं ते पाहू. स्तोत्र 13 विचारतं, हे परमेश्वरा, कुठवर? स्तोत्र 22 ची पहिली ओळ येशूने वधस्तंभावर उच्चारली. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे, उपासनेत म्हणायला दिलेलं आहे. त्यातला माणूस संतापलेला आहे, रडतो आहे, पण हे सगळं तो देवालाच सांगतो आहे. तुमचीही तक्रार देवाकडेच करा, तिला सभ्य करून नेऊ नका.

1 राजे 19 मध्ये एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला काही समजावत नाही. दूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवून खायला घालतो, कारण वाट लांबची आहे. होरेब डोंगरावरचा वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा तो शांत, मंद स्वर हे सगळं नंतर. दुःखितांकडे जाताना आपण याच क्रमाने जावं. आधी डबा न्यावा.

मदर तेरेसा यांच्या मृत्यूनंतर, 2007 मध्ये, त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली. कित्येक दशकं त्यांनी देवाची जवळीक जाणवत नसतानाच काम केलं होतं, हे तेव्हा जगाला कळलं. पुष्कळांना धक्का बसला. मला मात्र त्यांचं ते टिकून राहणंच मोठं वाटतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते: झोप उडाली आहे, भूक गेली आहे, जगणं नकोसं झालं आहे आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं आहे, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जा. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. “विश्वास ठेव, सगळं ठीक होईल” म्हणून कुणाच्या गोळ्या बंद करायला लावू नका.

“देवाने मला सांगितलं” असं काही जण म्हणतात. ते कसं ओळखायचं?

पौल म्हणतो, सर्व गोष्टींची पारख करा, चांगलं ते धरा (1 थेस्सलनीकाकरांस 5). योहानही म्हणतो की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, परीक्षा करा. ती प्रेरणा येशूच्या शिकवणीशी जुळते का? तिच्यातून नम्रता, संयम, प्रीती येते का? चार वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्यांसमोर ती मोकळेपणाने मांडता येते का?

“देवाने मला सांगितलं की तू याच्याशीच लग्न कर,” किंवा “तू एवढी रक्कम दे,” असं दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल कुणी सांगत असेल, तर तिथे नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हे सगळं आपल्या संतांच्या भक्तीसारखंच वाटतं. ख्रिस्ती माणसाने त्याला घाबरावं का?

अजिबात नाही. जनाबाईचं जातं आणि सावता माळ्याचा मळा ऐकत मोठा झालेला मराठी माणूस ब्रदर लॉरेन्सचं स्वयंपाकघर चटकन ओळखतो. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते आले तेव्हा त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तुकारामांना त्यांनी टाकलं नाही; तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. त्यांनी रचलेली गीतं आजही आपल्या उपासनेत आहेत, आणि पेटी-तबल्यावर ती गाताना जी जवळीक वाटते ती भाषांतरित गाण्यांत मला क्वचितच सापडते.

फरक आहे तो आहेच, तो लपवण्याचं कारण नाही. आपण ज्याचं सान्निध्य म्हणतो तो नासरेथचा येशू आहे, वधस्तंभावर मेलेला आणि उठलेला. तो कसा आहे हे शुभवर्तमानात वाचूनच कळतं. म्हणून रोज चार ओळी का होईना, शुभवर्तमान वाचा.

देवाशी माझं थेट नातं आहे. मग मंडळीत गेलंच पाहिजे का?

हो. दोघे-तिघे जमले तिथे येशू आहे. प्रभुभोजनाची भाकर एकट्याने घरी मोडायची नसते. शिवाय आपल्याला न आवडणाऱ्या माणसाशेजारी बसून “हे आमच्या स्वर्गातील पित्या” म्हणण्याने जे घडतं, ते एकट्याच्या मननात घडत नाही.

मुलांना हे कसं शिकवावं?

फार शिकवू नका. जेवणाआधी त्यांनाही एक वाक्य बोलू द्या, ते कितीही विचित्र असलं तरी दुरुस्त करू नका. चुकलात तर त्यांच्यासमोर क्षमा मागा. आणि “देव बघतोय हं!” ही धमकी म्हणून कधीही वापरू नका. तेवढ्या एका वाक्याने देवाच्या सान्निध्याची भीती मुलांच्या मनात अशी बसते की मोठेपणी निघता निघत नाही.

किती दिवसांत फरक पडतो?

ब्रदर लॉरेन्सने एका पत्रात लिहिलं आहे की पहिली दहा वर्षं त्याला फार त्रास झाला. आपण देवाला हवे तसे नाही, ही टोचणी जात नव्हती. दहा वर्षं! तेव्हा पंधरवड्यात काही झालं नाही म्हणून सोडून देऊ नका. फरक आधी घरच्यांना दिसतो.

मी आजारी आहे, अंथरुणावरून उठता येत नाही. मला यातलं काय जमेल?

पाळकांना किंवा फादरना निरोप पाठवा, ते प्रभुभोजन घरी आणतात. त्यासाठी संकोच करू नका. वाचवत नसेल तर नातवंडाला रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगा, 23, 121 आणि 139 पासून सुरुवात करा. वेदना जास्त असतील तेव्हा शब्द जुळवायचा प्रयत्न करू नका, फक्त येशूचं नाव घ्या. आणि मंडळीतल्या लोकांची नावं कागदावर लिहून उशाजवळ ठेवा. ज्यांना धावपळीत प्रार्थनेला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी तुम्ही प्रार्थना करा, आणि करताय हे त्यांना कळवाही. त्यांना त्याची गरज आहे.